मास्तरची मापवही

माझ्या वहिनीला सगळं वर्दी-भांडार 'मास्तर' म्हणायचं. बाईमाणसाला मास्तर म्हणताना नव्या माणसाची जीभ जरा अडखळायची, पण आठवड्याभरात तोही म्हणायला लागायचा. हातात इंचपट्टी घेऊन ती समोर उभी राहिली की हवालदार असो नाहीतर मोठा साहेब, गुमान हात वर करायचा. "श्वास सोडा आधी," ती सांगायची. "पोट आत ओढून माप दिलंत तर बटण मी नाही तोडणार, तुमचं जेवण तोडेल."

आमचं शिवणखातं पोलीस मुख्यालयाच्या मागच्या अंगाला होतं. लांबट खोली, एका बाजूला ओळीने खिडक्या, सात मशिनी, दोन इस्त्रीची टेबलं आणि भिंतीला टेकवून ठेवलेले कापडाचे तागे. मी तिथे काजं-बटणं करते. ही नोकरी मला वहिनीनेच लावली. तिला स्वतःला ती लागली माझ्या दादाच्या जागी. दादा हवालदार होता. आजारपणात गेला, तेव्हा पोलीस वसाहतीतली खोली सुटू नये म्हणून वहिनीने अर्ज केला आणि तिला भांडारात घेतलं. आमचा धाकटा भाऊ तेव्हा शाळेत होता. त्याला तिनेच वाढवलं, तिनेच भरतीसाठी पळायला लावलं आणि त्याची पहिली वर्दी तिनेच शिवली. कॉलरला आतून मऊ कापडाची पट्टी लावली, कारण त्याच्या मानेला पुरळ उठायचं.

वहिनीची एक मापवही होती. प्रत्येक पोलिसाला एक पान. वर कॉलरच्या आत शिवायचा नंबर, खाली मापं, आणि त्याखाली शिपायालाही समजेल अशा भाषेत त्याच्या अंगाची कुंडली. 'डावा खांदा अर्धा इंच खाली, पॅड घातलं.' 'डावखुरा, काठीचा पट्टा उलट्या बाजूला.' 'लग्नानंतर कंबर दोन इंच वाढली, मागची माया संपली, पुढच्या वेळी नवीन पॅंट.' माया म्हणजे शिवणीत आत दाबून ठेवलेलं जास्तीचं कापड. माणूस वाढला तर उसवून सोडता यावं म्हणून ठेवतात. वहिनी माया सढळ ठेवायची. मी एकदा म्हटलं, सरकारी कापड आहे, एवढं कशाला? ती म्हणाली, "रस्त्यात हरवलेल्या पोराला ज्याच्याकडे जावंसं वाटेल, असा शर्ट शिवायचा असतो. अंगाला टोचणारा शर्ट घातलेला माणूस कुणाशी धड बोलत नाही."

मग काळ्या कापडाचे तागे आले.

मुख्यालयात एक नवं पथक उभं राहिलं होतं. चौदा जणांच्या तीन तुकड्या. त्यांच्यासाठी पत्र्यासारखं जाड कापड, गुडघ्यांना गाद्या, छातीवर कप्पेच कप्पे. आवारात एक चिलखती गाडीही येऊन उभी राहिली. तिला वळायला जागा होईना म्हणून सायकलींची शेड पाडली. भांडारप्रमुख साहेब नमुन्याचा शर्ट घेऊन आले. वहिनीने तो उलटापालटा करून पाहिला.

"साहेब, हे लढाईचे कपडे आहेत."

"आहेत खरे."

"कुणाशी लढाई?"

"मास्तर, वरून आलंय. तुम्ही शिवा."

तिने शिवले. बेचाळीस जणांची नव्याने मापं घेतली, मापवहीत लिहिली. छातीवर नावाची पट्टी शिवली, जशी ती नेहमी शिवायची, चारही बाजूंनी दुहेरी टीप घालून. या पथकात आमचा धाकटाही होता. घरी येऊन आरशासमोर उभा राहिला तेव्हा मला अभिमान वाटला होता, खोटं कशाला बोलू. वहिनी मात्र म्हणाली, "मान वळते का रे यात?"

दोन महिन्यांनी साहेब पुन्हा आले आणि नावाच्या पट्ट्या काढायला सांगितल्या. सगळ्या बेचाळीस.

"का?" वहिनीने विचारलं.

"सुरक्षेसाठी. नाव दिसलं की लोक घरापर्यंत जातात."

"लेखी द्या."

"मास्तर, एवढ्याशा कामाला लेखी काय?"

वहिनी मशीनकडे वळली. ब्लेड घेतलं आणि बसली. दोन दिवस उसवत होती. पट्ट्या निघाल्या तरी छातीवर गडद चौकोन राहिला, तो इस्त्रीने घालवायचं काम माझ्याकडे आलं. म्हणजे त्यात मीही होते. काढलेल्या पट्ट्या तिने फेकल्या नाहीत, पुडीत बांधून कपाटात ठेवल्या, आणि मापवहीत प्रत्येक पानावर तारीख घालून लिहिलं, 'पट्टी काढली. तोंडी हुकूम.' खाली स्वतःची सही.

बस डेपोचं प्रकरण त्यानंतर तीन आठवड्यांनी झालं. डेपो बंद करून ती जागा दुसऱ्या कुणाला द्यायची ठरली होती. ड्रायव्हर, कंडक्टर, मेकॅनिक सगळे आत बसून राहिले. गाड्या ओळीने उभ्या, माणसं गाड्यांच्या सावलीत. चौथ्या दिवशी सकाळी पथकाची एक तुकडी आत गेली आणि वीस मिनिटांत डेपो रिकामा झाला. पस्तीस जण दवाखान्यात गेले. एका ड्रायव्हरचा डोळा गेला आणि उजवा हात खांद्यातून उठेनासा झाला. बावीस वर्षं त्याने गाडी चालवली होती.

पोलिसांकडून सांगण्यात आलं की, कोणी मारलं ते कळायला मार्ग नाही. सगळ्यांच्या डोक्यावर शिरस्त्राण, तोंडावर कापड, अंगावर एकसारखे काळे कपडे, नाव नाही, नंबर नाही. आणि कुणी विशिष्ट हुकूम दिला असंही नाही.

एका कंडक्टर बाईने गाडीच्या खिडकीतून मोबाईलवर सगळं टिपलं होतं. ते चित्रण जेवणाच्या सुट्टीत आमच्या खोलीत पोचलं. आम्ही सातजणी डबे बाजूला ठेवून एका फोनवर वाकलो. बाकीच्या हळहळत होत्या. वहिनीने फोन हातात घेतला, पुन्हा पाहिलं, थांबवून पाहिलं, बोटांनी मोठं करून पाहिलं. मग डबा न उघडताच झाकण पुसलं आणि मशीनवर जाऊन बसली.

घरी जाताना मी विचारलं, "काय झालं?"

"ड्रायव्हरवर काठी उगारलेल्याच्या कॉलरला आतून पांढरी पट्टी दिसते," ती म्हणाली. "हात वर केला की कॉलर उलटते. तशी पट्टी मी एकालाच लावलीय."

मला कळायला वेळ लागला नाही. मी रस्त्यातच थांबले. ती पुढे चालत राहिली.

आठवड्याभरात चौकशी समिती नेमली गेली. एक निवृत्त न्यायाधीश बाई प्रमुख होत्या. ज्याला काही माहीत असेल त्याने पुढे यावं, असं पत्रक निघालं. वहिनीने ते पत्रक घडी करून मापवहीत ठेवलं, तेव्हाच मी समजले. आणि दुसऱ्या दिवशी मी जे केलं ते आजही सांगताना कान गरम होतात. सगळ्या चहाला गेल्या असताना मी ती वही उचलली आणि कातरणांच्या पोत्यात, पार तळाशी, दडवली.

वहिनी परत आली. खण उघडला, बंद केला. माझ्याकडे तिने पाहिलंही नाही. संध्याकाळपर्यंत बाह्या जोडत राहिली. सगळ्या घरी गेल्यावर म्हणाली, "तू वही परत ठेवशील हे मला माहीत आहे. पण आजच ठेव. उद्या दहाला जायचंय."

"माझा भाऊ आहे तो," मी म्हणाले.

"माझा कोण आहे?"

"नोकरी जाईल. तुरुंगात जाईल. तू वाढवलंस त्याला."

"म्हणून तर." ती खुर्चीवर बसली. प्रथमच मला तिचे खांदे पडलेले दिसले. "मी एक पान सोडून बाकीची दाखवली, तर ती मापवही नाही, सूड झाला. मग बाकीच्यांच्या बायका-आयांनी माझं काय वाकडं केलंय? दाखवायची तर अख्खी, नाहीतर नाही."

मी पोतं उलटं केलं. सगळ्या खोलीभर कातरणं झाली. ती आम्ही दोघींनी मिळून गोळा केली.

धाकट्याला तिने त्याच संध्याकाळी बोलावून घेतलं. तो आला, बूट काढून नेहमीच्या जागी बसला. वहिनीने आडवळण घेतलं नाही.

"मी उद्या मापवही घेऊन समितीपुढे जाणार आहे. तुझं पान त्यात आहे. तुला माझ्या तोंडून आधी कळावं म्हणून बोलावलं."

तो हसला. थट्टा वाटली असेल. मग तिच्या तोंडाकडे बघून हसू मावळलं.

"वहिनी, हुकूम होता."

"मलाही होता. पट्ट्या काढायचा. मी काढल्या. सांगणाऱ्याने नुसतं तोंड वापरलं, हात माझे होते."

"तुझ्या शिवण्याने कुणाचा डोळा नाही गेला."

"तुला नाव नव्हतं म्हणून तुझा हात सुटला. नाव मी उसवलं. तेवढं माझ्या अंगावर आहे आणि ते मी सांगणार आहे. तुझं तू बघ."

"माझं पान फाड," तो हळू आवाजात म्हणाला. "कुणाला कळणार नाही. दादा असता तर त्याने फाडायला लावलं असतं."

वहिनी उठली. मला वाटलं आता ही रडणार. ती म्हणाली, "तुझा दादा असता तर त्याने आधी तुझ्या कानाखाली काढली असती, आणि मग वही उचलून माझ्याबरोबर आला असता. त्याचं नाव मध्ये आणू नकोस."

तो बूट हातात घेऊनच जिना उतरला. खाली जाऊन घातले असतील.

समितीचं काम एका बंद पडलेल्या शाळेच्या सभागृहात चालायचं. पुढे टेबल, बाजूला वकील, मागे बाकांवर डेपोची माणसं. कुणाच्या हाताला प्लास्टर, कुणाच्या डोक्याला पट्टी. ड्रायव्हर पहिल्या बाकावर बसला होता, काळा चष्मा लावून. वहिनीने मापवही टेबलावर ठेवली, आणि पडद्यावर चित्रण लावलं तसं एकेकाला बोटाने दाखवत गेली. "हा डावखुरा, काठीचा पट्टा उजवीकडे आहे बघा. पान सतरा." "याच्या पॅंटच्या मागे पाचर घातलीय, ताग्याचा रंग थोडा वेगळा आला होता. पान एकतीस." "याचा एक पाय पाऊण इंच आखूड आहे, डावा काठ मी वर घेतलाय. पान चार."

पथकाचा वकील उठला. "बाई, तुम्ही कपड्यांवरून माणसं ओळखता?"

"तुम्ही कागदांवरून ओळखता ना?"

मागच्या बाकांवर खसखस पिकली. न्यायाधीश बाईंनी वर पाहिलं, तशी थांबली.

वकील तयारीने आला होता. त्याने सहा काळे शर्ट टेबलावर टाकले. कॉलरच्या आतले नंबर चिकटपट्टीने झाकलेले. "सांगा बघू, कुणाचे आहेत."

वहिनीने पदार्थ चाखावा तसा एकेक शर्ट हातात घेतला. घाई केली नाही. बोटं आतल्या शिवणीवरून फिरत होती, डोळे खिडकीकडे होते. पहिल्याचं पान सांगितलं. दुसऱ्याचं सांगितलं. तिसरा उलटा केला आणि बाजूला सारला. "हा माझा नाही. याची माया पाव इंचसुद्धा नाही. हा बाहेरून आणलाय." चौथा, पाचवा सांगितला. सहाव्याला म्हणाली, "हा पान बाराचा. पण अंगात त्याने घातलेला नाही, याच्या कोपरांना घडीच पडलेली नाही. कोरा आहे. घातलेला शर्ट कुठे आहे, ते त्याला विचारा."

चिकटपट्ट्या काढल्या. पाचही नंबर बरोबर निघाले. तिसऱ्यावर नंबरच नव्हता. वकिलाने सहावा शर्ट घडी न घालताच पिशवीत कोंबला. मी माझ्या बाकावर ताठ बसले होते, आणि शेजारच्या अनोळखी बाईला सांगितल्यावाचून मला राहवेना, "माझी वहिनी आहे."

एकूण चौदांपैकी नऊ जण तिने सांगितले. न्यायाधीश बाईंनी विचारलं, "उरलेले पाच?"

"नाही सांगता येणार. दोघांची पाठच दिसते, तिघं गाडीआड आहेत. अंदाज करता येईल, पण अंदाजाने मी कधी कापड कापलेलं नाही."

"त्यातला आठवा, ड्रायव्हरवर काठी उगारणारा. त्याचं पान?"

वहिनीने वही स्वतःकडे ओढली. पान तिला पाठ होतं, तरी उघडून, बोट ठेवून वाचलं. "पान एकवीस. कॉलरला आतून मऊ पट्टी. माझा दीर आहे."

ड्रायव्हरने चांगला डोळा तिच्यावर येईल अशी मान वळवून तिच्याकडे पाहिलं.

"आणखी काही सांगायचंय?" न्यायाधीश बाईंनी विचारलं.

"हो. पट्ट्या मी काढल्या. लेखी मागितलं होतं, दिलं नाही, तरी काढल्या. लेखी नाही म्हणून मी तेव्हाच हात थांबवायला हवा होता. हे लिहून घ्या."

कारकून लिहीत नव्हता. त्याला वाटलं असेल, हे काही साक्षीत मोडत नाही. न्यायाधीश बाई त्याला म्हणाल्या, "त्या सांगतायत तसं लिहा. शब्द बदलू नका."

त्यानंतरचे दोन दिवस आमच्या घरी कुणी आलं नाही. वसाहतीच्या जिन्यात कुणीतरी आमच्या चपला खाली भिरकावल्या. वहिनीने त्या आणून जोडीने लावल्या. तिसऱ्या दिवशी मी एकटीच सभागृहात गेले होते, कारण वहिनीला रजा मिळाली नाही. अकराच्या सुमाराला मागचं दार उघडलं आणि धाकटा आत आला. साधा शर्ट, साधी पॅंट. थेट टेबलापाशी गेला आणि म्हणाला, "आठवा मी आहे. मला बोलायचंय."

वकील लगबगीने उठून त्याच्या कानाशी लागला. धाकट्याने मान हलवली, "नको. मला माझं सांगू द्या."

त्याने सांगितलं. सकाळी डेपोबाहेर गाडीत बसलेले असताना पथकाच्या प्रमुखाने काय सांगितलं ते शब्दाला शब्द सांगितलं: 'वीस मिनिटांत रिकामा हवा. हातपाय मोडले तरी चालतील, कुणाची नावं दिसणार नाहीयेत.' अजून कोण कोण ऐकत होतं, तेही सांगितलं. मग तो अडला. पाणी दिलं, ते तसंच राहिलं.

"त्या ड्रायव्हरना मी दोनदा मारलं," तो म्हणाला. "पहिला फटका हुकमाचा होता असं म्हणा हवं तर. दुसऱ्या वेळी ते खाली पडले होते, हाताने डोकं झाकत होते. दुसरा मारायला मला कुणी सांगितलं नव्हतं. दुसरा माझा आहे."

मी भावासाठी रडले आणि त्याच वेळी मला त्याचा अभिमान वाटला. या दोन गोष्टी एका छातीत मावतात, हे मला तोवर माहीत नव्हतं. बाहेर जाताना तो ड्रायव्हरसमोर थांबला. ड्रायव्हर म्हणाला, "माफी मागू नकोस, माझ्याकडे नाहीये ती. सांगितलंस ते सगळं कोर्टातही सांग."

"सांगेन," धाकटा म्हणाला.

आणि त्याने सांगितलं. खटला दीड वर्ष चालला. पथकाच्या प्रमुखाला शिक्षा झाली, ती वरच्या कोर्टात अजून भांडली जातेय. नऊ जणांच्या नोकऱ्या गेल्या. धाकट्याला दहा महिन्यांची कैद झाली. आम्ही दर पंधरा दिवसांनी भेटायला जायचो. पहिल्या भेटीत वहिनी आणि तो जाळीच्या दोन बाजूंना मुकाट बसले. शेवटी वहिनी म्हणाली, "मानेला पुरळ आलंय तुझ्या. आतला शर्ट उलटा घालत जा." तो म्हणाला, "बरं." तिथून पुढे बोलणं सुरू झालं.

वहिनीची बदली मात्र साक्षीनंतर महिन्याभरातच झाली. तिला घोंगड्यांच्या गोदामात टाकलं. दिवसभर घोंगड्या मोजायच्या आणि झटकायच्या. इतक्या वर्षांचा शिवणारा हात, आणि काम झटकण्याचं. ती तिथेही डबा घेऊन वेळेवर जायची. समितीचा अहवाल आला, त्यात एक ओळ होती की यापुढे प्रत्येक वर्दीवर, काळ्यावर तर छातीवर आणि पाठीवरही, नाव असं शिवायचं की ओढून निघणार नाही. मुदत पंधरा दिवस. भांडारप्रमुख साहेब स्वतः गोदामात गेले. मी मुद्दाम बटणांचा हिशेब विचारायच्या निमित्ताने मागे गेले होते.

"मास्तर, चला. तुमच्याशिवाय होणार नाही."

"लेखी द्या," वहिनी म्हणाली.

साहेबांनी खिशातून कागद काढला. शिक्का, सही, सगळं होतं. तिने तो दोनदा वाचला, घोंगडीवरचे धागे झटकले आणि आमच्या खोलीत येऊन आपल्या मशीनवर बसली. कपाटातली जुनी पुडी सोडली. त्यातल्या नऊ पट्ट्यांची माणसं आता खात्यात नव्हती. त्या तिने वेगळ्या काढून ठेवल्या, उरलेल्या शिवायला घेतल्या.

वसाहतीत अजूनही सगळं गोड झालेलं नाही. परवा नळावर डावखुऱ्याची बायको भेटली. दोन मुलं पदरात, नवरा आता कुठेतरी फाटकावर पहारा करतो. तिच्याविषयी मला वाईट वाटतं, अगदी मनापासून. ती बादली ठेवून म्हणाली, "तुमच्या वहिनीमुळे झालं हे सगळं."

पूर्वीची मी असते तर मान खाली घालून निघून गेले असते. मी माझी बादली नळाखालून सरकवली, तिची लावली आणि म्हटलं, "मारलं ते त्यांनी, आणि माझ्या भावाने. पण उघड झालं ते वहिनीमुळे, हे खरं आहे."

बादली भरेपर्यंत आम्ही दोघी तिथेच उभ्या होतो. मग मी तिची बादली जिन्यापर्यंत धरली आणि वर आले. वहिनी धाकट्यासाठी शर्ट बेतत होती. पुढच्या आठवड्यात तो सुटणार होता.